मामाची गाडी, भाच्याच्या हाती: कार्नेटवर आणलेल्या एका गाडीचं प्रकरण

गुहागर तालुक्यातलं हे प्रकरण २०२३ सालचं आहे. घरच्यांना विचारून लिहितो आहे. नावं, गाव आणि गाडीची कंपनी गाळली आहे, रकमा गोल केल्या आहेत. मी चिपळूणला आयात-निर्यातीच्या कागदांचं काम करतो. वर्षातले चार महिने आंब्याच्या पेट्या आणि उरलेले आठ महिने त्या पेट्यांचे अडकलेले पैसे, असा आमचा हंगाम. गाड्यांची प्रकरणं क्वचित येतात, पण आली की अख्खं घर सोबत येतं.

पार्श्वभूमी

मामा बावीस वर्षं शारजात. गुहागरकडच्या एका गावात त्यांच्या बहिणीचं घर, मागे नारळ-पोफळीची वाडी, आणि रस्त्याच्या अंगाला काढलेल्या दोन खोल्यांचा होमस्टे. तो बहीण आणि तिचा मुलगा मिळून चालवतात. भाचा सत्तावीस वर्षांचा, हुशार, जरा घाईचा.

मे महिन्यात भाचीचं लग्न होतं. मामांनी ठरवलं, या वेळी आपली गाडीच न्यायची. सात वर्षांपूर्वीची जपानी एसयूव्ही, स्टिअरिंग डावीकडे, शारजाची नंबरप्लेट. कारण विचारलं तर मामा सरळ म्हणाले, "हौस होती हो, दुसरं काय!" तिथल्या ऑटोमोबाइल क्लबकडे अनामत ठेवून त्यांनी कार्नेट काढलं, गाडी कंटेनरमध्ये चढवली आणि ती न्हावाशेवाला उतरवून घेतली. १८ एप्रिल २०२३ ला कस्टमचा शिक्का पडला.

कार्नेटला लोक गाडीचा पासपोर्ट म्हणतात. हे नाव मला पटत नाही, कारण त्यातून भलताच समज होतो. कार्नेट हा हमीचा कागद आहे. 'ही गाडी मी तात्पुरती आणतो आहे, परत नेणार आहे, म्हणून माझ्याकडून शुल्क घेऊ नका. नेली नाही तर ते शुल्क ही संस्था भरेल' असं त्याचं म्हणणं. पुस्तिकेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. गाडी देशात शिरताना खालचा भाग कस्टम फाडून घेतं, बाहेर पडताना मधला. वरचा भाग पुस्तिकेतच राहतो आणि त्यावर येण्याचा आणि जाण्याचा असे दोन शिक्के लागतात. मामांच्या पुस्तिकेत त्या वरच्या भागावर एक निळा शिक्का होता आणि शेजारची चौकट रिकामी. पुढचे नऊ महिने या सगळ्या माणसांनी त्या रिकाम्या चौकटीपायी काढले.

भारतात कार्नेटवर आलेली गाडी सहा महिन्यांत परत न्यायची असते. बहिणीच्या घरी ओटीवरच्या कॅलेंडरवर १७ ऑक्टोबरच्या तारखेला लाल गोल केलेला होता. तारखेची काळजी सगळ्यांना होती, आणि अडचण तिथेच झाली. दुसऱ्या कशाचीच काळजी कोणाला नव्हती.

सवलत नेमकी कोणाला

या सगळ्या व्यवस्थेच्या मुळाशी खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीबद्दलचा १९५४ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. न्यूयॉर्कला झालेल्या या करारात भारतही आहे. मुदतीबरोबर त्यात आणखी तीन गोष्टी आहेत. गाडी परदेशात राहणाऱ्याची हवी. ती त्याच्या तात्पुरत्या भेटीच्या निमित्ताने आणलेली हवी. आणि ती खासगी कामासाठीच वापरायची, भाड्याची माणसं किंवा धंद्याचा माल न्यायचा नाही.

मालक दुसऱ्या कोणाला गाडी चालवायला देऊ शकतो, पण तो दुसराही सहसा परदेशातच राहणारा असावा लागतो. इथे राहणाऱ्या माणसाने चालवायची तर कस्टमने तशी मुभा द्यावी लागते. मालक शेजारी बसला आहे आणि त्याच्या सांगण्यावरून भाचा गाडी चालवतो आहे, अशा वेळी ती मुभा मिळण्याला अर्थ असतो. मालक शारजात आणि भाचा शृंगारतळीच्या बाजारात, अशा वेळी फारसा नसतो.

म्हणजे शुल्क माफ होतं ते गाडीकडे बघून नव्हे. मामा पाहुणे आहेत म्हणून ते माफ असतं. पाहुणा गेला की माफीचं कारणही त्याच्याबरोबर विमानात बसतं, मग कॅलेंडरवर चार महिने उरलेले असोत की चार दिवस. आमच्याकडे हे कोणाच्या डोक्यात उतरत नाही, कारण घरातली वस्तू घरातलाच माणूस वापरतो यात चूक काय, असं मनोमन वाटत असतं. बहीण मला पुढे किती वेळा म्हणाली असेल, "गाडी आपल्याच माणसाची, चोरीची थोडीच आहे?"

जूनमधला निर्णय

मामांची रजा संपली. ९ जूनचं तिकीट होतं. बेत असा होता की गणपतीला परत यायचं आणि सण आटोपला की ऑक्टोबरच्या आत गाडी न्हावाशेवाला पोचवायची. मधल्या शंभर दिवसांचं काय, यावर ओटीवर बोलणं झालं. मी तिथे नव्हतो. मला नंतर तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं. जुळवून पाहिलं तर चित्र असं दिसतं.

पहिला पर्याय लगेच परत पाठवण्याचा. खर्च दोनदा होणार नव्हता, पण मामांची रजा आठ दिवसांनी वाढली असती आणि गणपतीत गाडी मिळाली नसती. दुसरा पर्याय, गाडी शेडमध्ये झाकून ठेवायची, चावी मामांनी न्यायची. याला भाच्याची हरकत होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, पावसाळ्यात, तीन महिने बंद गाडी म्हणजे बॅटरी खलास, ब्रेकच्या डिस्कवर तांबेरा, आणि चामड्याच्या सीटवर बुरशी. तिसरा पर्याय म्हणजे भाच्याने 'अधूनमधून फिरवायची'.

कस्टमला एक अर्ज करून विचारायचं, हा चौथा पर्याय कोणाच्या तोंडून निघाला नाही.

तिसरा पर्याय ठरला आणि तो पक्का करण्यासाठी १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर संमतीपत्र केलं. त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं देतो: 'सदर वाहन कार्नेटवर तात्पुरते आणलेले असून ते मुदतीत परत न्यावयाचे आहे, याची लिहून घेणार यांस पूर्ण कल्पना आहे.' टायपिंगवाल्याने चांगलं भरीव वाक्य म्हणून ते घातलं असावं. ते पुढे कुठे जाऊन लागलं ते सांगतोच.

मामा गेले, आणि त्याच आठवड्यात पाऊस कोकणात उतरला. झाप टाकलेल्या शेडमध्ये गाडी पंधरा दिवस उभी राहिली. मग भाचा 'बॅटरीसाठी' तिला शृंगारतळीपर्यंत नेऊ लागला, मग चिपळूणपर्यंत. एकदा दाभोळच्या फेरीबोटीवरून मित्रांना घेऊन दापोलीलाही गेला. बोटीवर तिकीट फाडणारा सवयीने उजव्या खिडकीशी आला, आत ड्रायव्हरच नाही म्हणून हसला, आणि बोनेटला वळसा घालून पलीकडे गेला. हा किस्सा भाच्याने मला स्वतः सांगितला आणि सांगतानाही तो हसत होता. मला मात्र एवढंच दिसलं की ही गाडी शंभर गाड्यांत ओळखू येते आणि तिला पाहिलेला प्रत्येक माणूस साक्षीदार आहे.

ऑगस्टमध्ये होमस्टेच्या पाहुण्यांना चिपळूण स्टेशनवरून आणायला रिक्षा मिळेना, तेव्हा तो गाडी घेऊन गेला. पाहुण्यांनी आपणहून हजार रुपये दिले. पुढच्या वेळी त्याने मागितले. मग होमस्टेच्या जाहिरातीत गाडीचा फोटो आला, शारजाच्या प्लेटसकट: 'स्टेशनवरून आरामदायी पिकअप'.

अपघात

१६ सप्टेंबर, शनिवार. १९ ला गणेश चतुर्थी, म्हणजे मुंबईचे चाकरमानी उतरायला सुरुवात झालेली. भाचा चिपळूणहून चार पाहुणे घेऊन गुहागरकडे निघाला होता. मार्गताम्हाण्याच्या पुढे एसटीच्या मागे अडकला. आपल्या रस्त्यावर डावीकडे बसून ओव्हरटेक करायचा म्हणजे समोरचं काही दिसण्याआधी निम्मी गाडी पलीकडच्या बाजूला काढावी लागते. त्याने काढली. समोरून मोटरसायकल आली. भाच्याने ब्रेक दाबला, मोटरसायकलस्वाराने हँडल वळवलं आणि तो ओल्या साइडपट्टीवरून घसरून गाडीच्या पुढच्या चाकाशी आला. पायाची दोन हाडं मोडली. जीव वाचला, ही या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट. बाकी सगळं कागदाचं.

कागदाचं असं की शारजाचा विमा भारतात चालत नाही. इथे आल्यावर मामांनी इथल्या कंपनीचा विमा घेतला होता, पण तीन महिन्यांचा. तो जुलैत संपला. कॅलेंडरवर त्या तारखेला गोल नव्हता.

ती एक रात्र

रात्री साडेदहाला मला फोन आला. "काका, गाडी पोलीस स्टेशनला लावलीय. मामा उद्या येतायत." मामांचं तिकीट १७ सप्टेंबरचं होतं. एका दिवसाचा फरक.

त्या एका दिवसाने सगळ्यांची बुद्धी फिरवली. शृंगारतळीच्या एका हितचिंतकाने सल्ला दिला होता की गाडी मामाच चालवत होते असं सांगा, उद्या ते येतातच, तारखेचं कोण बघतंय! माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला खरा निर्णयाचा क्षण हा होता. जूनमधली चूक अजाणतेपणी झाली असं निदान म्हणता येत होतं. ही चूक समजून-उमजून झाली असती.

मी भाच्याला तीनच गोष्टी विचारल्या. मामांच्या पासपोर्टवर शिक्का कोणत्या तारखेचा पडणार? गाडीत बसलेल्या चार पाहुण्यांनी कोणाला पाहिलं? आणि तू हवालदारांना काय सांगितलंस? तिसऱ्याचं उत्तर आलं, "मीच चालवत होतो म्हणून सांगितलं." म्हटलं, मग त्याच वाक्यावर राहा. बहिणीने फोन घेतला आणि मला बरंच ऐकवलं. तिचा राग मला समजत होता. मुलावर तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेची कलमं २७९ आणि ३३८ (बेदरकारपणे गाडी चालवणं आणि त्यातून गंभीर दुखापत) लागणार होती. पण खोट्या जबाबाने ती टळली नसती, वर मामाही त्यात ओढले गेले असते.

जप्ती आणि जबाब

पोलिसांनी पंचनामा केला, कागद मागितले, कार्नेटची पुस्तिका पाहिली आणि कस्टमला कळवलं. आमच्या किनाऱ्यावर परदेशी प्लेटची गाडी दिसली की दोन्ही खाती कान टवकारतात, आणि त्याला कारण आहे. १९९३ मध्ये मुंबईच्या बॉम्बस्फोटांची स्फोटकं शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली हे रायगड-रत्नागिरीतलं शेंबडं पोरही सांगेल, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ रायफली असलेली बोट सापडली तेव्हापासून सणांच्या आधीची नाकाबंदी जास्तच कडक झाली आहे. मामांची गाडी अपघाताविना त्याआधीच अडवली गेली नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

कस्टमने सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ११० खाली गाडी जप्त केली. आधार कलम १११(ओ): सवलतीच्या अटीवर आणलेल्या मालाची अट मोडली तर तो माल जप्तीस पात्र. मग कलम १०८ खाली मामा आणि भाचा दोघांना जबाबासाठी बोलावलं. हा जबाब पोलीस जबाबासारखा नसतो, तो पुरावा म्हणून वापरता येतो. दोघांनी खरं सांगितलं. होमस्टेच्या जाहिरातीचा छापील कागद समोर ठेवला गेला तेव्हा भाच्याने तेही कबूल केलं. परदेशी नोंदणीच्या खासगी गाड्यांसाठी २०२२ साली केंद्राने जे नियम केले त्यांतही स्थानिक प्रवासी आणि माल नेण्याला मनाई आहे, त्यामुळे तो हजार रुपयांचा पिकअप दोन्हीकडून महागात पडला.

आता त्या संमतीपत्राकडे येतो. कलम ११२ प्रमाणे, जप्तीस पात्र माल ज्याच्या ताब्यात आहे किंवा जो तो ठेवतो, नेतो, हाताळतो, त्याला दंड होऊ शकतो. मात्र माल जप्तीस पात्र आहे हे त्याला माहीत असलं पाहिजे किंवा तसं मानायला त्याच्याकडे कारण असलं पाहिजे. भाच्याचा एकमेव बचाव 'मला ठाऊक नव्हतं' हा होता. आणि 'पूर्ण कल्पना आहे' असं त्याच्याच सहीने, नोटरीच्या शिक्क्यासह, १०० रुपयांच्या स्टॅम्पवर लिहिलेलं होतं. ते पत्र तो अभिमानाने डॅशबोर्डमध्ये ठेवत असे. पंचनाम्यात त्याची नोंद आठव्या ओळीत आहे.

समोरचे पर्याय

सप्टेंबरअखेर मामा, भाचा आणि मी माझ्या ऑफिसात बसलो.

मामांचा पहिला विचार होता की शुल्क भरू आणि गाडी इथेच ठेवू. बहुतेक लोकांना हाच उपाय सुचतो आणि बहुतेकांना तो बंद असतो. जुनी गाडी कायमची आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. मामांची गाडी दोन्हींत नापास. शुल्काचं गणितही त्यांना करून दाखवलं: कस्टमच्या हिशेबाने गाडीची किंमत नऊ लाख, तेव्हाचं मूळ सीमाशुल्क १२५ टक्के, म्हणजे सव्वाअकरा लाख, आणि त्यावर जीएसटी, सेस वेगळे. मामा बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत राहिले.

दुसरा विचार त्यांनी हळू आवाजात मांडला. गाडी सोडून द्यायची, शारजाला निघून जायचं. मी विरोध केला. गाडी परत गेली नाही तर कस्टम हमी देणाऱ्या संस्थेकडे शुल्क मागतं, ती संस्था शारजाच्या क्लबकडे, आणि क्लब मामांच्या अनामतीकडे. शिवाय मामा गेले तरी भाचा इथेच राहणार होता, दंडाच्या नोटिशीसमोर एकटा.

तिसरा मार्ग भांडण्याचा. लेखी कारणे दाखवा नोटीस येऊ द्यायची, उत्तर द्यायचं, आदेश विरोधात गेला तर साठ दिवसांत अपील. याला वेळ लागतो. गाडी उघड्यावर गंजणार, मामांना पुन्हा रजा काढावी लागणार.

चौथा, लेखी नोटिशीचा आग्रह सोडून तोंडी नोटीस आणि लवकर सुनावणी मागायची, अटभंग मान्य करायचा आणि केवळ परत नेण्यासाठी गाडी सोडावी अशी विनंती करायची. कलम १२४ मध्ये याची सोय आहे. यात बचावाचे काही मुद्दे आपणहून सोडावे लागतात. मामांसाठी हा सौदा चांगला होता. भाच्यासाठी होता का? तेव्हा मी हो म्हटलं. आज तसं ठामपणे म्हणणार नाही.

काय केलं

चौथा मार्ग घेतला. एक काळजी होती ती १७ ऑक्टोबरची. ती तारीख जवळ येत होती आणि गाडी तर जप्तीत. पण सरकारी जप्तीमुळे गाडी नेता येत नसेल तर परत नेण्याची मुदत तेवढ्यापुरती थांबते, अशी तरतूद त्याच १९५४ च्या करारात आहे. आम्ही १७ तारखेच्या आधीच तसं लेखी कळवून पोच घेतली. मामांनी शारजाच्या क्लबलाही ईमेल केला. क्लबला जप्तीची बातमी आधी आपल्याकडून कळली याचा पुढे उपयोग झाला.

गाडीला कुलपं दोन होती, हे आमच्या उशिरा लक्षात आलं. एक कस्टमचं, दुसरं अपघाताचं. विमा नसलेली गाडी अपघातात सापडली तर जखमीच्या भरपाईसाठी पुरेसं तारण दिल्याशिवाय सुटत नाही. कस्टमचा आदेश नोव्हेंबरअखेर हातात आला तरी गाडी हलेना. शेवटी मोटरसायकलस्वाराच्या घरच्यांशी बोलणं झालं. ते करायला मी किंवा वकील गेलो नाही, बहीण गेली. दोन्ही घरांची ओळख निघाली. कोकणात ती निघतेच. पण रकमेवर ते ठाम राहिले आणि योग्यच केलं. घरचा कर्ता पोरगा तीन महिने घरी बसला होता. डिसेंबरच्या लोकअदालतीत ३ लाख १० हजारांवर दावा मिटला.

निकाल

सुनावणीत खरी झटापट एकाच मुद्द्यावर झाली. डाव्या स्टिअरिंगची, सात वर्षं जुनी गाडी 'निषिद्ध माल' धरायची की 'शुल्कपात्र माल'? निषिद्ध धरली तर कलम ११२ चा दंड मालाच्या किमतीइतका, म्हणजे नऊ लाखांपर्यंत जाऊ शकतो. शुल्कपात्र धरली तर शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत. आमचं म्हणणं एवढंच होतं की गाडी कायम ठेवण्यासाठी आणलेली नव्हती, मुदत संपण्याआधी मालक स्वतः हजर झाला आणि जबाब एकदाही फिरवला नाही.

आदेशात गाडी सरकारजमा ठरली. कलम १२५ खाली सव्वादोन लाख भरून ती सोडवण्याची मुभा मिळाली, पण फक्त देशाबाहेर नेण्यासाठी. मामांना ९० हजार दंड, भाच्याला ४० हजार. भाच्याच्या परिच्छेदात त्या संमतीपत्राचा उल्लेख दोनदा आहे आणि पिकअपचा एकदा.

जानेवारी २०२४ मध्ये गाडी कंटेनरमध्ये चढली. चढवण्याआधी सीटवरची हिरवट बुरशी पुसायला दोन माणसं लावावी लागली. म्हणजे जी भीती दाखवून गाडी फिरवायला काढली होती ती पोलीस स्टेशनच्या आवारात चार महिन्यांत खरी ठरली. रिकाम्या चौकटीत शिक्का पडला. मामांना क्लबकडून अनामत परत मिळाली. गाडीच्या हौसेचा एकूण हिशेब भरपाई, दंड, ने-आण आणि चार विमान तिकिटं धरून दहा लाखांच्या वर गेला. भाच्यावरचा फौजदारी खटला चालू आहे.

काय वेगळं करता आलं असतं

जूनमध्ये मामा निघाले तेव्हा गाडीनेही निघायला हवं होतं. हे सोपं उत्तर आहे आणि हौसेपुढे ते टिकलं नसतं हेही मला माहीत आहे. त्याहून व्यवहार्य होतं ते असं: गाडी झाकून ठेवायची, बॅटरीची वायर काढून ठेवायची (दहा मिनिटांचं काम, वाडीतल्या पंपाची करतो तशीच), चावी मामांनी न्यायची, आणि जाण्याआधी कस्टमला एका पानाचा अर्ज द्यायचा की मालक अमुक तारखेला जातो, अमुक तारखेला येईल, गाडी या पत्त्यावर बंद आहे. कदाचित उत्तर आलं असतं की ठेवू नका, घेऊन जा. तेही बरंच झालं असतं.

संमतीपत्र करायलाच नको होतं, असं मी म्हणणार नाही. ते ज्याच्या परवानगीसाठी होतं त्या कार्यालयाकडे गेलंच नाही, ही गोम आहे. मालकाने दिलेली परवानगी चोरीच्या आरोपापासून वाचवते. शुल्क माफ करणाऱ्याची परवानगी वेगळी लागते. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टवाल्यांच्या गाड्यांतही हाच घोळ पाहिला आहे. निर्यात प्रोत्साहनाच्या योजनेत हॉटेलांना एके काळी कमी शुल्कात परदेशी गाड्या आणता येत, त्या पर्यटक वाहन म्हणूनच नोंदवायच्या आणि परकीय चलन मिळवून द्यायच्या अटीवर. प्रत्यक्षात ती गाडी पुतण्या कॉलेजला नेतो आणि 'काकांची आहे' म्हणून सांगतो. चालवणाऱ्याने विचारायचं ते हे: गाडीवर शुल्क भरलं होतं का, नसेल तर कोणाच्या नावाने, कशासाठी आणि कोणत्या अटीवर सुटलं, आणि त्या अटीत मी बसतो का?

माझी स्वतःची चूक वेगळीच आहे. मामा आणि भाचा यांचं हित एक नव्हतं आणि मी दोघांचं काम एकत्र घेतलं. मामांना घाई होती, भाच्याला नव्हती. लेखी नोटीस येऊ दिली असती तर संमतीपत्रातल्या त्या वाक्यावर भाच्याच्या बाजूने काही म्हणता आलं असतं: गाडी परत न्यायची आहे हे माहीत असणं आणि आपण चालवल्याने अट मोडते हे माहीत असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो मुद्दा मी सुनावणीत एका वाक्यात उरकला. घरातल्या माणसांना 'तुम्ही वेगळा सल्लागार घ्या' असं सांगणं जड जातं, विशेषतः दोघं एकाच सोफ्यावर बसून एकाच ताटलीतले शेंगदाणे खात असतील तेव्हा. तरी सांगायला हवं होतं. अपिलाचे साठ दिवस होते, भाचा म्हणाला, "जाऊ दे काका, मामांनीच भरलेत." मीही जाऊ दिलं.